चवड्याला जागा

रांजणगावच्या एमआयडीसीत दुपारी पहिली पाळी सुटते, तेव्हा कंपन्यांच्या फाटकांबाहेर बसगाड्यांची रांग लागलेली असते. समोरच्या टपरीवर चहा घेत मी माणसांच्या पायांकडे बघत होते. तेवीस-चोवीस वर्षांचा एक मुलगा शेजारच्या बाकावर येऊन बसला. पायांतले काळे सेफ्टी शूज त्यानं काढले. या बुटांच्या टोकाला आतून लोखंडी वाटी असते. मोजे काढून तो दोन मिनिटं नुसता पाय मोकळे सोडून बसला. उजव्या करंगळीवर घट्टा होता आणि अंगठ्याचं नख कडेनं काळं पडलं होतं. मग सॅकमधून त्यानं कापडी पिशवी काढली आणि पिशवीतून पांढऱ्या शूजचा जोड. जाड तळ, बोटांवर नक्षीत पाडलेली बारीक भोकं, घोट्याशी मऊ गादी, बाजूला निळा पट्टा. चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेतले बास्केटबॉलपटू घालत तसाच घाट.

"आठ तास पाय कंपनीचे, आता माझे," लेस बांधता बांधता तो म्हणाला.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता, 'जुनं, पण नव्यानं'. पितळी भांडी, वाडे, हातमाग यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्या डोळ्यांसमोर आले ते हे बूट. शिरूरच्या एसटी स्थानकावर, दौंडच्या फलाटावर, कॉलेजच्या आवारात, हळदीच्या मांडवात गेल्या काही वर्षांत ते सगळीकडे दिसू लागले. जो खेळ यातल्या बहुतेकांनी कधी खेळलेला नाही, त्या खेळाचे हे जुने बूट आपल्या घोडनदी-भीमेच्या मुलखात रोज का घातले जातात? आणि मला जास्त छळणारा प्रश्न म्हणजे, ते आपल्या पायांना खरोखर बसतात का?

लाकडी मैदानावरून डांबरी रस्त्यावर

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नाइस्मिथ या शिक्षकानं बास्केटबॉल बेतला. थंडीत मुलांना बाहेर काढता येत नव्हतं, म्हणून बंद सभागृहात खेळायचा खेळ हवा होता. सभागृहाची जमीन गुळगुळीत, आणि त्या जमिनीनंच पुढे बुटाचा आकार ठरवला. बास्केटबॉलमध्ये माणूस सरळ फार कमी धावतो. तो थांबतो, गर्रकन वळतो, आडवा सरकतो, उडी मारून सपाट पायावर उतरतो. त्यासाठी तळ रुंद आणि सपाट लागतो, रबराला पकड लागते, आणि आडव्या जोरानं पाय तळावरून बाहेर घसरू नये म्हणून कडा उंच लागतात. या बुटांचा तळ उलटा करून बघा. चवड्याखाली बहुतेकदा गोल वर्तुळं कोरलेली दिसतात. खेळाडू एका पायावर गिरकी घेतो ती याच जागेवर.

१९१७ मध्ये कॉन्व्हर्स कंपनीनं आणलेला ऑल स्टार कापडी होता. कापडाला चिकटवलेलं रबर भट्टीत तापवून पक्कं करायचं ही त्याची रीत. त्यामुळे तळ पातळ राहतो आणि पायाखालचा खडा जाणवतो. १९६९ च्या आदिदास सुपरस्टारनं कापड सोडून चामडं घेतलं आणि बोटांवर शिंपल्यासारखी रबरी टोपी बसवली. १९८२ च्या नायकी एअर फोर्स १ मध्ये ब्रूस किलगोर यांनी टाचेखाली हवेची बंद कुपी घातली. या चामडी पिढीत तळाची वाटी आधी घडवतात, वरचा भाग तिच्यात बसवतात आणि बाजूनं सगळीकडून शिलाई मारतात. ही बाजूची शिलाई लक्षात ठेवावी, दौंडच्या चर्मकाराकडे तिचं महत्त्व कळणार आहे.

हे बूट 'रेट्रो' कसे झाले, ती गोष्टही एका बाजारपेठेचीच आहे. एअर फोर्स १ चं उत्पादन थांबायच्या बेतात होतं. बाल्टिमोर शहरातल्या तीन दुकानदारांना मात्र माहीत होतं की आपल्या वस्तीतली पोरं हाच जोड मागतात. त्यांनी कंपनीला गळ घातली, नवे रंग बनवून घेतले, आणि मैदानावरून निवृत्त होणारा बूट रस्त्यावर जगला. गिऱ्हाइकाचा पाय रोज हातात घेणाऱ्या माणसाला जे कळतं, ते कारखान्याला उशिरा कळतं. शिरूरमध्ये मला याचाच पुन्हा प्रत्यय आला.

आठ नंबर म्हणजे किती?

टपरीवरच्या त्या मुलाला विचारलं, "नंबर कुठला?"

"नऊ."

"आणि टाच उचलली जाते का चालताना?"

तो चमकला. "तुम्हाला कसं कळलं, मॅडम?" दोन्ही टाचांमागे फोड येऊन गेल्याच्या खुणा त्यानं दाखवल्या. आठ नंबर घातला की करंगळी दाबली जाते, म्हणून नऊ घेतला, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिरूरच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात गेलो. शेठ तीस वर्षं पादत्राणं विकतात. त्यांनी काउंटरमागून वर्तमानपत्र काढून फरशीवर पसरलं, मुलाला त्यावर उभं केलं आणि पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ मारली. वजन पायावर असताना माप घ्यायचं, बसून घ्यायचं नाही, कारण उभं राहिल्यावर पाय पसरतो. दोन्ही पायांचं घ्यायचं आणि मोठ्या पायाचं धरायचं. शक्यतो संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. मग पट्टी लावली. लांबी २६ सेंटिमीटर. चवड्याची रुंदी जवळजवळ ११.

"लांबीनं हा आठातला गडी," शेठ म्हणाले. "रुंदीनं आठात मावत नाही. मग सगळे काय करतात? एक नंबर वर चढतात."

एक नंबर वर चढलं की बूट लांबीनं सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढतो. हा आकडा आला इंग्लंडच्या जुन्या मोजणीतून. तिथं बुटाचा नंबर जवाच्या दाण्यावर मोजत, तीन दाण्यांचा एक इंच. आपल्याकडेही अंगुळ मोजायला यवच वापरत असत. आता जव कुणी मोजत नाही, पण बुटाच्या जिभेवरचा नंबर त्याच हिशेबानं चालतो. रुंदीला जागा मिळावी म्हणून आपण लांबी विकत घेतो. मग बूट जिथं वाकायला हवा तिथं वाकत नाही. बोटांची मुळं असतात त्या रेषेवर घडी पडायला हवी, ती पुढे सरकते. टाच आत हलते, फोड येतो, आणि टाच धरून ठेवायला लेस इतकी आवळली जाते की पायाचा वरचा भाग दुखतो.

यामागे मोठं कारण आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय मोजले. निष्कर्ष सरळ होता. भारतीय पाऊल सरासरीनं रुंद आहे, आणि आपण वापरतो ते इंग्लिश, युरोपीय, अमेरिकन नंबर त्या मानानं अरुंद साच्यांवर बेतलेले आहेत. म्हणून लोक गरजेपेक्षा लांब बूट घेतात आणि करकचून बांधतात. भारतीय पायासाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धत याच पाहणीतून सुचवली गेली. शिरूरच्या शेठना या पाहणीची माहिती नव्हती, पण तिचा निष्कर्ष ते तीस वर्षं गिऱ्हाइकाला तोंडी सांगत आले आहेत.

त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन जोड मांडले. तिन्ही आठ नंबरचे. जिभेखालच्या चिठ्ठीवर एकात २७ सेंटिमीटर छापलेलं, दुसऱ्यात २६.५. नंबर एकच, लांबी निराळी. "चिठ्ठीवरचा सेंटिमीटर वाचायचा, नंबर नाही," शेठ म्हणाले. मग त्यांनी तिन्ही जोडांच्या आतल्या गाद्या बाहेर काढून फरशीवर ठेवल्या आणि मुलाला त्यांवर उभं केलं. दोन गाद्यांवरून करंगळी बाहेर लोंबत होती. तिसरीवर पाऊल पूर्ण मावलं आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा उरली. "हा तुझा जोड."

मुलानं तो घातला, दुकानभर चालला, पायरी चढला, उतरला. "मोकळं वाटतंय," एवढंच म्हणाला. त्या शब्दासाठीच मी शिरूरला आले होते, असं मला वाटलं.

माझ्या स्वतःच्या उजव्या करंगळीवर वीस वर्षं जुनी भोवरी आहे. पहिल्या पगारात घेतलेल्या देखण्या बुटांची ती देणगी. "वापरून सैल होतील," असं दुकानात सांगितलं गेलं आणि मी विश्वास ठेवला. बूट सैल झाले नाहीत, पाय वाकडा झाला. मापाचा जोड मिळणं ही चैनीची गोष्ट नाही, हे मला त्या भोवरीनं शिकवलं.

उंबऱ्यापाशी

रोजच्या वापराचा बूट म्हटलं की अमेरिकेत जो प्रश्न कुणाला फारसा पडत नाही, तो आपल्याकडे पहिला येतो. दिवसातून कितीदा काढावा लागतो?

रांजणगावच्या महागणपतीच्या दारात मी तासभर उभी राहिले. चप्पल घातलेला माणूस न थांबता पाय सोडवून पुढे जातो. पांढरे शूज घातलेली पोरं मात्र कडेला होऊन वाकतात, किंवा लेस न सोडता एका टाचेनं दुसरी टाच दाबून पाय ओढून काढतात. परतताना टाच दुमडून तशीच फरफटत चार पावलं चालतात, मग बोट घालून ती वर ओढतात. मंदिर, घर, शाळेची संगणक खोली, डॉक्टरांचा दवाखाना, शेजाऱ्याची ओटी. प्रत्येक उंबऱ्यावर हेच.

त्यामुळे बुटाचा पहिला बळी जातो तो टाचेमागचा ताठ भाग. तो आतून पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा असतो आणि टाचेला सरळ धरतो. चार महिने दुमडला की मोडतो. बूट बाहेरून नवा दिसतो, पण आत टाच डुलायला लागते.

म्हणून आपल्याकडे रोजच्यासाठी घोट्याच्या वर जाणारा उंच जोड गैरसोयीचा ठरतो. उंच गळा घोट्याला सांभाळतो ही समजूतही तितकी पक्की नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत ६२२ हौशी बास्केटबॉल खेळाडूंवर चाचणी झाली, तिच्यात उंच आणि बुटक्या बुटांमध्ये घोट्याच्या दुखापतींबाबत ठोस फरक आढळला नाही. लग्नात, फोटोत उंच जोड रुबाबदार दिसतो, हे खरंच. पण ज्याला दिवसातून दहा उंबरे ओलांडायचे आहेत त्यानं बुटका घ्यावा, साध्या लेसऐवजी ताणणारी लेस ओवावी आणि दारामागे एक जुना डाव किंवा लांब दांड्याचा चमचा टांगून ठेवावा. टाच आत सरकवायला त्याच्याइतकं सोपं साधन नाही. शिरूरमधल्या एका घरात मी तो टांगलेला पाहिला. त्या घरातल्या आजीनंच ही शक्कल काढली होती, नातवाची दुमडलेली टाच तिला बघवत नव्हती म्हणून.

मऊ वाटणं आणि आराम मिळणं

शिरूरहून न्हावरे करत पारगावपाशी भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. चौफुल्याला सोलापूर रस्ता मिळतो आणि पुढे दौंड. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती, चारही दिशांचे रूळ इथं एकत्र येतात. पहाटेच्या गाडीला पासधारकांची गर्दी असते. त्या फलाटावर मला पुण्याच्या एका रुग्णालयात काम करणारी परिचारिका भेटली. रुग्णालयाला पांढरे बूट हवेत, म्हणून तीन वर्षांपूर्वी तिनं या घाटाचा जोड घेतला. आता तिच्याबरोबरच्या चौघी तसेच घालतात.

"सुरुवातीला स्पंजवाले घेतले होते," ती म्हणाली. "दुकानात गादीवर उभं राहिल्यासारखं वाटायचं. महिन्यात स्पंज बसला आणि टाचा दुखायला लागल्या. हे आधी कडक वाटले. पण आठ तास वॉर्डात फिरून, मग गाडीत उभं राहूनसुद्धा पाय ठणकत नाहीत."

दुकानातला एक मिनिटाचा मऊपणा आणि दिवसभराचा आराम यांत हाच फरक आहे. फार मऊ तळात पाय रुततो आणि तोल सावरायला पोटऱ्या सतत काम करतात. सपाट, रुंद आणि जरा घट्ट तळावर पाऊल स्थिर राहतं. उभ्यानं काम करणाऱ्याला हा जुना घाट मानवतो तो यामुळे. पारखायची रीत सोपी आहे. बूट दोन्ही हातांत धरून वाकवावा. तो चवड्याशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर ठेवून द्यावा. टाचेमागचा भाग चिमटीत दाबावा, तो सहज चेपता कामा नये. आतली गादी अंगठ्यानं दाबून सोडावी, ती लगेच वर आली पाहिजे.

परिचारिकेची अडचण वेगळी होती. आयुष्यभर चपला घातलेल्या बाईचा चवडा पसरलेला असतो आणि टाच त्या मानानं निमुळती. चवड्याला बसेल तो बूट टाचेला सैल. तिनं यावर स्वतःच उपाय शोधला. बोटांजवळची पहिली दोन भोकं ती रिकामी सोडते, त्यामुळे चवड्याला ऐस मिळते. आणि घोट्याजवळच्या शेवटच्या भोकांत लेसचे छोटे फास करून त्यांतून टोकं ओवून आवळते, त्यामुळे टाच जागेवर राहते. फलाटाच्या बाकावर बसून तिनं मला ते करून दाखवलं. गाडीची घोषणा झाली तेव्हा माझाही एक बूट बांधून झाला होता.

आता या बुटांचं उणं. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत, आणि भरतीची स्वप्नं पाहणारी मुलं आसपासच्या गावांतून पहाटे धावताना दिसतात. राखीव बलाच्या शिपाई भरतीला पाच किलोमीटर धावावं लागतं. त्यांतल्या एका मुलाच्या पायांत मला हेच जाड पांढरे शूज दिसले. घरात एकच जोड, कॉलेजला तोच, धावायलाही तोच. मी त्याला थांबवून किराणा दुकानात नेलं आणि तराजूवर त्याचा एक बूट ठेवला. ४३० ग्रॅम. त्याच्या मित्राचा धावायचा बूट २७० ग्रॅम. फरक १६० ग्रॅमचा. दहा हजार पावलांत हा फरक १,६०० किलो होतो, ऊसतोडीची बैलगाडी जेवढा भार ओढते त्याच्या जवळपास. तळ सपाट, पुढे झुकाव नाही, त्यामुळे रेटा पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. या बुटांत चालावं, उभं राहावं, मिरवावं. भरतीसाठी धावू नये. दोनच जोड परवडत असतील, तर साधी चप्पल आणि धावायचा चांगला बूट घ्यावा, असं मी त्या मुलाला मनापासून सांगितलं.

लहान मुलांच्या बाबतीत तर आणखी जपून. भारतातल्या २,३०० मुलांची तपासणी करून १९९२ मध्ये राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी दाखवलं होतं, की बंद बूट घालणाऱ्यांत सपाट तळव्यांचं प्रमाण अनवाणी वाढलेल्या मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. अंगणात अनवाणी खेळलेल्या पायाची कमान आपोआप घडते. तीन वर्षांच्या बाळाला बापासारखे जाड शूज घालून फोटो जरूर काढावा, पण खेळताना पाय मोकळे सोडावेत.

बहादूरगडचा माल

दौंडमध्ये बहादूरगड म्हटलं की भीमेकाठचा पेडगावचा किल्ला आठवतो. पादत्राणांच्या धंद्यात मात्र बहादूरगड म्हणजे हरियाणातलं गाव. चामड्याविना बनणारे हजारो तऱ्हांचे बूट तिथल्या कारखान्यांतून देशभर जातात. शिरूर-दौंडच्या दुकानांत हजार-दीड हजाराला मिळणारा या घाटाचा बराचसा माल उत्तरेकडूनच येतो. मोठ्या परदेशी कंपन्यांचा अस्सल जोड सात-आठ हजारांच्या पुढे. मधल्या पट्ट्यात देशी कंपन्या आहेत, आणि कडेला 'फर्स्ट कॉपी'.

फर्स्ट कॉपी घालणाऱ्या मुलांची मला कीव येत नाही आणि मी त्यांना नावंही ठेवणार नाही. पंधरा-वीस हजार पगारातल्या मुलाला आठ हजारांचा बूट परवडत नाही, हे साधं गणित आहे. पण नक्कल करणारा बाहेरचं चिन्ह हुबेहूब उतरवतो आणि आतल्या साच्यावर पैसा वाचवतो. शिलाई दिसते, ती पुष्कळदा साच्यातच उमटवलेली असते, दोरा आत गेलेलाच नसतो. आतली गादी काढता येत नाही. वास उग्र येतो. त्याच पैशांत बिनचिन्हाचा किंवा देशी कंपनीचा, खऱ्या शिलाईचा जोड मिळतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर पाच टक्के जीएसटी लागू झाला. आधी हजार रुपयांपर्यंतच्या जोडावर बारा टक्के आणि त्यापुढच्यावर अठरा टक्के कर होता. त्यामुळे मधल्या पट्ट्यातल्या चांगल्या जोडाला हात घालणं थोडं सोपं झालं आहे. शिरूरचे शेठ म्हणाले, "आता तरी पोरांनी चिन्ह सोडून शिलाई बघावी."

रापी, आरी आणि दोरा

दौंडच्या स्थानकाबाहेर पत्र्याच्या छोट्या गटई स्टॉलमध्ये एक वयस्क चर्मकार बसतात. भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर, पुढ्यात रापी, आरी, मेणाचा गोळा, सोल्यूशनचा डबा. त्यांच्यापुढे तोंड उघडलेल्या पांढऱ्या शूजचा ढीग होता.

"काका, हे शिवून टिकतात का?"

त्यांनी दोन बूट उचलले. एक आधुनिक धावायचा, फुगीर फेसाचा. "ह्याला शिवायला धरायचं कुठं? दोरा ओढला की फेस फाटतो. चिकटवून देतो, पण पावसाळ्यात परत येतो." मग दुसरा, जुन्या घाटाचा. "ह्याला कड आहे. उभी, जाड रबराची. दोरा धरते."

त्यांनी आतली गादी बाहेर काढली, तळाची कड आणि वरचा भाग यांच्या मधली माती जुन्या टूथब्रशनं झाडली, सोल्यूशन लावून दहा मिनिटं तसाच ठेवला. मग मेणानं ओढलेला दुहेरी दोरा घेतला. आरी बाहेरून कडेत खुपसायची, आतून दोऱ्याचा फास तिच्या खाचेत अडकवायचा, बाहेर ओढायचा, त्यातून दुसरं टोक घालून घट्ट करायचं. प्रत्येक टाका आधीच्या टाक्याच्या अगदी शेजारी. कारखान्यानं पाडलेल्या जुन्या भोकांतूनच ते आरी घालत होते. "नवी भोकं पाडली की रबर कमजोर होतं," ते म्हणाले. पाऊण तासात जोड तयार झाला. दीडशे रुपये. "अजून दोन वर्षं चालंल."

खेळाडूच्या आडव्या धक्क्याला तळ सुटू नये म्हणून जी शिलाई आली, ती आज दौंडमध्ये एका चर्मकाराच्या हाताला काम देते आणि बुटाला दुसरं आयुष्य. ज्या वस्तूला दुरुस्त करणारा हात आपल्या गावात आहे, ती वस्तू आपली झाली असं मी मानते. या बुटांबद्दल माझ्या मनात परकेपणा उरला असेल, तर तो त्या स्टॉलपाशी संपला.

बूट सांभाळायचे काही धडेही काकांनी दिले. धुतलेला बूट उन्हात ठेवला की पांढरा तळ पिवळा पडतो, म्हणून सावलीत, आत कागद कोंबून वाळवावा. रोज एकच जोड घालू नये, घामाचा ओलावा जायला एक दिवस लागतो. आणि नवे म्हणून वर्षानुवर्षं खोक्यात जपून ठेवू नयेत. काही तळांचं रसायन दमट हवेत आपोआप विरघळत जातं आणि एके दिवशी पायात घातल्यावर भुगा होतो.

पांढऱ्याची ओढ

आपला मुलूख काळ्या मातीचा आणि उन्हाळ्यात फुफाट्याचा. अशा ठिकाणी पांढरा बूट घालणं म्हणजे रोज त्याची निगा राखायची तयारी असणं. शिरूरच्या कॉलेजात एका मुलीनं सांगितलं, "ज्याचे शूज स्वच्छ, तो माणूस नीट असं आम्ही धरतो." त्या मुलीनं सुती कुर्ता आणि सैल सुरवारीखाली हाच जोड घातला होता, आणि तो शोभत होता. याचं कारण घाटातच आहे. बूट साधा, कडा सरळ, रंग एक किंवा दोन. त्यामुळे तो जीन्सशी भांडत नाही, कुर्त्याशी भांडत नाही, ढोलपथकाच्या पांढऱ्या पोशाखातही मिसळून जातो. एकच पथ्य. तळ जाड असल्यानं विजार फार तंग असली की पाय काठीसारखे आणि बूट होडीसारखे दिसतात. सरळ किंवा सैल विजार, घोट्यावर थांबणारी, म्हणजे तोल साधतो.

वहाणेनं पायातच राहावं, वर चढू नये, अशी आपल्याकडची जुनी शिकवण. ती बुटापेक्षा माणसाला त्याची पायरी दाखवायला जास्त वापरली गेली. आज रांजणगावचा कामगार मुलगा बुटाचं खोकं कपाटावर, आरशाशेजारी ठेवतो. त्यात मला उधळेपणा दिसत नाही. दिवसभर दुसऱ्यानं ठरवलेला बूट घालणाऱ्यानं स्वतःच्या निवडीला दिलेली ती मानाची जागा आहे.

खोक्याचं झाकण

परतताना संध्याकाळी न्हावऱ्याच्या अलीकडे वस्तीवर रांजणगावच्या त्या मुलाच्या घरी थांबले. तो नवा, आठ नंबरचा जोड घालूनच रस्त्यापर्यंत आला होता. दारात त्यानं लेस सोडली, बूट हातानं काढले, टाच दुमडली नाही.

वडील उसाला पाणी देऊन आले होते. टाचांना भेगा, चवडा पंज्यासारखा पसरलेला, अंगठा बाकीच्या बोटांपासून दूर गेलेला. पायात तळ झिजलेली रबरी चप्पल. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी चांगले बूट घाला असं सांगितलंय, पण कुठलाच बूट पायात जात नाही, असं ते म्हणाले. मुलानं लगेच वर्तमानपत्र आणून ओट्यावर पसरलं.

"दादा, उभे राहा यावर. माप घेतो."

वडील मागे सरले. "अक्षरं आहेत त्याच्यावर. पाय कसा देऊ?"

मुलगा क्षणभर थांबला. वर्तमानपत्राची घडी घालून त्यानं ते फळीवर ठेवलं. मग आत जाऊन बुटाचं खोकं आणलं, झाकणाच्या कडा फाडून सपाट केलं आणि कोरी बाजू वर करून ठेवलं. वडील त्यावर उभे राहिले. मुलगा गुडघ्यांवर बसला आणि शेठनी धरली होती तशी पेन्सिल सरळ धरून टाचेपासून रेघ ओढू लागला. भेगांपाशी ती अडखळली, करंगळीपाशी खोक्याच्या कडेला टेकली. उजवा पाय झाला, मग डावा.

"साठ वर्षांत पायाचं माप पहिल्यांदा घेतलं बघा कुणी," वडील मला म्हणाले. मग मुलाकडे वळून, "एवढा रुंद मिळतो का रे?"

"शोधू," मुलगा म्हणाला. त्यानं पट्टी लावली, लांबी आणि रुंदी झाकणावर लिहिली आणि झाकण सॅकमध्ये सेफ्टी शूजच्या शेजारी नीट ठेवलं. पुढच्या सुट्टीला तो ते घेऊन शिरूरच्या शेठकडे जाणार आहे.